जमुनाला जोनच हवी होती

चर्चमध्ये दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात सिस्टर इग्नेशियांनी प्रत्येकीला ज्याचं नाव घ्यायचं तो आपापला आश्रयदाता संत निवडायला सांगितलं, तेव्हा बायकांनी पटापटा नावं घेतली. कुणी मदर तेरेजा, कुणी संत आना. जमुना म्हणाली, "मना ती जाळलेली पोर पायजे."

वर्गात हशा पिकला. संत जोनची गोष्ट मागच्याच रविवारी झाली होती. शेतकऱ्याची पोर, फौजेपुढं राहून लढली, सैतानाची बाई ठरवून लोकांनी जिवंत जाळली, आणि पुढं चर्चनंच चूक कबूल करून संत केली. बाकीच्या गोष्ट ऐकून उठल्या, बोईसरच्या बाजाराला गेल्या. जमुना बाकावर तशीच बसून राहिली होती.

"जमुनाताई, या वयात लढाईची संत कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "संत आना घ्या. येशूची प्रेमळ आजी आहे."

"आजी मी हायेच की. जोन लिवा."

हे खूळ कुठून आलं ते तिच्या पाड्याला पक्कं ठाऊक होतं. नवरा वारला तसा दिराचा डोळा तिच्या भाताच्या तुकड्यावर गेला. त्याच पावसाळ्यात दिराची म्हैस मेली. भगतानं तांदळाचे दाणे टाकून पाहिले आणि नाव काढलं जमुनाचं. भुताळी! हिनंच करणी करून म्हैस खाल्ली. रविवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकणारेही अडल्यावर भगताच्याच दारात. विहिरीवर ती आली की बायका हंडे उचलत, पोरांना पदराआड घेत. भाऊ म्हणाला माहेरी ये. ती हलली नाही. तुकड्यावर भागेना, म्हणून उन्हाळाभर वीटभट्टीवर राबली, पोरं वाढवली. भट्टीपायी दरवर्षी राहून गेलेलं दृढीकरण आता कुठं हाताशी आलं होतं.

बिशप कपाळाला तेल लावतात तेव्हा मागं धर्ममाता लागते, खांद्यावर हात ठेवायला. पाड्यातली तानी मोठ्या मिनतवारीनं तयार झाली होती. संताचं नाव कळलं तशी तिनं जमुनाला वाटेतच गाठलं.

"जमने, झाकलेला उघडा कशाला करतं? लोक इसरले आता."

"इसरले? तुजी नात अजून माज्या हातचा बोर बी खात नाय."

तानीचं तोंड उतरलं. "त्या नावाला मी हात नाय ठेवायची."

"मंग तेल बी नको मना."

"तुजा डोका फिरलाय!"

"जा, भगताला सांग. टाकील दाणं."

बिशप आले त्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. रांग सरकत होती आणि जमुनाच्या मागची जागा मोकळी. तानी बाकाच्या टोकाला, मान खाली घालून. सिस्टर लगबगीनं आल्या, "मी उभी राहते."

"नाय सिस्टर. तुमचा हात मना कवा भ्यालाच नाय."

ती रांग सोडून बाकापाशी गेली. सगळ्यांदेखत तानीचं मनगट धरलं. "ऊठ. मेलीस तर माज्या माथ्यावर."

तानी उठली. ओढल्यासारखी आली. हात खांद्यावर टेकला.

"नाव?" बिशपांनी विचारलं.

"जोन!" मागच्या दाराशी उभ्या दिरालाही ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली.

कपाळाला तेलाचा अंगठा लागला. तानीनं हात काढू पाहिला, पण जमुनानं तो वरून दाबून धरला होता. बिशप पुढच्या बाईकडं वळले तरी तिनं तो सोडला नाही.