बालिकचीच्या रस्त्यावरचं चहाघर

बुरुलचाचे वडील बोझ-उय या गोल लोकरी तंबूंच्या लाकडी चौकटी करायचे. ओली विलोची काठी वाफेवर धरून वाकवायची कशी, हे ती त्यांच्याकडूनच शिकली. पुढे ती राजधानी फ्रुंझेच्या फिल्म स्टुडिओत सुतार म्हणून लागली आणि वीस वर्षांत सिनेमाचे सेट स्वतः आखायला, उभारायला लागली. आम्ही सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचो. तिच्या सेटवरच्या पाट्या मी रंगवायचो.

तिची आई मात्र तिला चिडवायची, "तुझ्या घरांना तोंडं आहेत गं, पण पाठच नाही. माणसानं राहायचं कुठं?"

त्या वर्षी एका सिनेमासाठी बालिकची गावाजवळ रस्त्याकडेला पन्नास वर्षांपूर्वीचं चहाघर उभारायचं होतं. कागदावर होती फक्त दर्शनी भिंत. पण ती उभी केल्यावर दुसऱ्याच दिवशी घळीतून उलान नावाचा सोसाट्याचा वारा सुटला आणि भिंत आडवी झाली. एजेनं धुळीनं भरलेले डोळे पुसले आणि म्हणाली, "एक भिंत वाऱ्यापुढे टिकायची नाही. चारही घालू, वर छप्पर टाकू." दिग्दर्शकाला धुराड्यातून धूर हवा होता, म्हणून तिनं चूलही खरीच बांधली.

चूल पेटल्यावर तासाभरात एक ट्रक थांबला. मुसाकुन नावाचा म्हातारा ड्रायव्हर आत येऊन मांडी घालून बसला.

"चहा द्या."

"बायके, हा सिनेमाचा सेट आहे," मी म्हटलं. थोरल्या पुरुषाला आम्ही बायके म्हणतो.

"असू दे की. पाणी तर उकळतंय ना?"

एजेनं आमच्यासाठी केलेला, आमच्याकडच्या रीतीचा मीठ-दुधाचा चहा त्याला दिला. तो म्हणाला, "मीठ कमी आहे. दूध तर गाईनं लांबूनच दाखवलंय!" तरी चार वाट्या प्यायला. दुसऱ्या दिवशी पाच ट्रक आले. एजे बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळायला बसली आणि मी वाट्या विसळायला.

शूटिंगच्या सकाळी दिग्दर्शक तेमिरकुल पोचला तेव्हा आत अकरा ड्रायव्हर गप्पा छाटत होते.

"एजे, ही काय जत्रा भरवलीय?" तो ओरडला. पण मग दारातच थांबला. मुसाकुन हात उडवून बर्फात अडकलेल्या ट्रकची गोष्ट सांगत होता आणि ऐकणारे पोट धरून हसत होते. तेमिरकुल हळूच म्हणाला, "यांनाच त्या जुन्या काळातले कपडे द्या. ट्रक टेकडीमागे लावा."

मुसाकुननं सगळे कपडे घातले, पण मनगटावरचं घड्याळ काढेना. "बायकोनं दिलंय. काढलं तर तिला कळतं." शेवटी एजेनं त्यावर फडकं गुंडाळलं. सबंध चित्रपटात त्याचा हात दुखावल्यासारखा दिसतो!

काम संपल्यावर सगळं लाकूड स्टुडिओत परत न्यायचं होतं. एजेनं पहार उचलली, तेवढ्यात रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. प्रत्येकानं आपापल्या घरून, कुरणातून फळ्या, वासे, पत्रे आणले होते.

"हे घेऊन जा," मुसाकुन म्हणाला. "आमचं चहाघर इथंच राहू दे."

एजेचे डोळे भरून आले, आणि तरी ती हसत होती. स्टुडिओतल्या कोठीवाल्यानं फळ्या मोजल्या, दोन जास्तच भरल्या.

पुढच्या शरदात आम्ही त्याच वाटेनं निघालो होतो. चहाघर आता एक विधवा बाई चालवत होती. आत पाय ठेवायलाही जागा नव्हती. ती एजेला म्हणाली, "ताई, बाहेर थांबा. उठलं कुणी की बोलावते."

एजेनं आपण कोण ते सांगितलंच नाही. उन्हात भिंतीला टेकून ती अर्धा तास आनंदानं उभी राहिली.