बाबांना शिकवलेलं सूत्र

माझे बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवण्याच्या कामावर हेल्पर होते. खोकला हटत नव्हता म्हणून धंतोलीच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, औषधं देतो, पण आधी त्या धुळीतून बाहेर पडा. बाहेर पडायचा रस्ता एकच होता, खात्याची परीक्षा पास होऊन कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर व्हायचं. बाबा सातवी शिकलेले. सूत्रं पाठ करायचे, पण त्यातून हवं ते अक्षर वेगळं काढायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मी नववीत, वर्गात पहिली. शिकवणी माझ्या गळ्यात पडली. राग तेव्हाही माझ्या नाकावर असायचा.

रविवारी दुपारी क्वार्टरच्या व्हरांड्यात मी त्यांना सांगितलं, बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की अधिकचं उणे होतं. क्ष अधिक पाच बरोबर बारा, तर क्ष बरोबर बारा उणे पाच. अशी गणितं त्यांनी धडाधड सोडवली. मग त्यांनी आपल्या वहीतलं V = IR पुढे केलं. यातून R, म्हणजे रोध, काढायचा होता.

"या दोघायच्या मधात तं काहीच चिन्ह नाही वं. मंग बदलवू काय?"

बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं, संख्येच्या आधी चिन्ह नसेल तर अधिक धरायचं. मी तेच त्यांच्या अंगावर फेकलं.

"काही नसलं तं अधिक समजाचं, बाबा. किती वेळा सांगू तुमाले?"

त्यांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. काय लिहिलं ते न बघताच मी पळाले.

परीक्षा तोंडी होती. त्या संध्याकाळी बाबा सायकल लावून पायरीवरच बसले आणि आईला सगळं सांगू लागले. मी दारात उभी होते. साहेबांनी विचारलं होतं, दोनशेवीस व्होल्ट, दहा अँपिअर, तर रोध किती? बाबांनी वजाबाकी करून ठामपणे दोनशेदहा सांगितलं. साहेब म्हणाले, चुकलं, परत करा. बाबांनी परत तेच केलं.

"मी म्हटलं, साहेब, माही पोरगी वर्गात पयली आहे, तिनं शिकवलं. तुमीच एकदा पाहून घ्या."

दोन अक्षरांच्या मधे चिन्ह नसलं तर तिथे गुणाकार असतो. भागायचं होतं, वजा करायचं नव्हतं. बावीस. मला ते तिथल्या तिथे कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले.

"तूच सांग वं. बरोबर आहे ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

"हो बाबा," मी म्हणाले.

परीक्षेला ते पुन्हा कधी बसले नाहीत. बरोबर उत्तराले फेल करते, तिथं कायले बसाचं, म्हणायचे. रिटायर होईपर्यंत ते कोळशावरच राहिले, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही.