मनकर्णाबाईची मूठ

पडदा उघडतो तो उत्तमरावांच्या लांबलचक पडवीवर. साल एकोणीसशे त्र्याहत्तर, ज्येष्ठाचे पहिले दिवस, गाव पारनेर तालुक्यातलं, माळावरचं. मधोमध भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. ढिगाभोवती आठ-नऊ बाया मांड्या घालून बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात सूप. एका अंगाला वेताची खुर्ची आणि तीत उशी पाठीला लावून बसलेले उत्तमराव. ढिगाला अगदी खेटून, जिथं चाळीस वर्षं दुसरं कुणी बसलं नाही अशा जागी, मनकर्णाबाई.

जन्म प्लेगाच्या सालातला, म्हणजे बाईची सत्तरी उलटलेली. अंगावर मांस बेताचं, पण बत्तिशीतले दोनच दात गेलेले. अकराव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली. नवरा सहादेव ऐन तिशीत गेला. मागं राहिलं चार एकर मुरमाड रान आणि दोन पोरी. त्या रानात तिनं बाजरी आणि भुईमूग सोडून तिसरं काही लावलं नाही, आणि पोरींच्या लग्नासाठी कुणाच्या उंबऱ्याला गेली नाही. परवाच्या दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली तेव्हा मुकादमानं विचारलं, "म्हातारे, वय काय?" ती म्हणाली, "हातोडा दे, मग वय इचार." संध्याकाळी मुकादमानं वहीत पंचावन्न लिहून टाकलं.

या सगळ्याचं श्रेय ती देवाला देत नसे, वैद्यालाही देत नसे. रोज सकाळी मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा एवढासा खडा, हे तिचं औषध. रोज शेताची चार मैलांची पायपीट होती, तिचं नाव मात्र ती कधी घेत नसे. दुष्काळात तिच्या रानातला भुईमूग दोनदा करपला. वर्षभर दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले आणि पहिल्यांदाच तिचे गुडघे कुरकुरू लागले. "बघा," ती म्हणे, "मूठ सुटली आन् गुडघ्यानं तोंड उघडलं."

आता या पडवीतल्या कामाची रीत सांगायला हवी. पेरणीच्या शेंगा यंत्रात घालत नाहीत. दाण्याची लाल साल खरवडली तर तो मातीत कुजतो. म्हणून बायांनी एकेक शेंग अंगठ्यानं दाबून फोडायची. पण बाई आणि शेंगदाणा जवळ आले की अधूनमधून एखादा दाणा सुपात न पडता तोंडात पडणारच. त्यावर उत्तमरावांच्या वडलांनी, रंभाजीबाबांनी, तोडगा काढला होता : शेंगा फोडताना ओव्या म्हणायच्या. गाणारं तोंड चावत नाही. आणि हा नेम कडू वाटू नये म्हणून त्यांनी दुसराही नेम घातला : बसायच्या आधी प्रत्येकीला मूठभर दाणे. "खाऊन गा, गाऊन खाऊ नका," असं म्हातारा हसत म्हणायचा. दिलदार गडी!

उत्तमरावांनी यंदा वडलांचा पहिला नेम ठेवला आणि दुसऱ्याची तेवढी विल्हेवाट लावली.

तसा माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. साठी ओलांडल्यावर त्याला मरणाची धास्ती बसली. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, "तळलेलं कमी खा, भजी बंद करा." घरी येईपर्यंत भजी कुठल्या कुठं गेली आणि दोष शेंगदाण्यावर आला. "शेंगदाणा म्हाताऱ्याच्या छातीत गोठतो," असं ते पारावर सांगू लागले. स्वतःला मात्र नगरहून बदाम आणले. रोज पाच, रात्री वाटीत भिजवायचे, सकाळी बायकोनं, भागिरथीबाईंनी, सोलून दुधात वाटून द्यायचे. वाटून का, हे गावात दोघींनाच ठाऊक होतं : एक भागिरथीबाई, आणि दुसरी मनकर्णाबाई. ती एकदा पहाटे विस्तव मागायला मागल्या दारी गेली आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात पेल्यातल्या पाण्यात मालकाची कवळी हसताना तिनं पाहिली. गाव समजत होतं की मालकाचे दात अजून त्यांचेच आहेत. बाई काही बोलली नव्हती. तिचा तुच्छतेचा साठा मोठा होता, पण तो उगाच खर्चायची तिला सवय नव्हती.

त्या सकाळी बाया बसल्या आणि मनकर्णाबाईनं रीतीप्रमाणे पदर पसरला.

"मालक, मूठ."

"मूठबीठ बंद," उत्तमराव म्हणाले. "बियाणं कसं मिळवलंय माझं मला ठाऊक. आणि तुझ्या वयाला तर हे विषच आहे. डॉक्टरनं सांगितलंय."

"माझ्या डाक्टरनं का तुमच्या?"

बाया खुसखुसल्या. उत्तमरावांचा चेहरा लाल झाला.

"तू कामापेक्षा खातेस जास्त. आता या वयात घरी बस म्हातारे."

"घरी बसून काय करू? माझ्या घरात भुईमुगाचं टरफल सुदिक न्हाई."

हे ती हसत म्हणाली, पण शेजारच्या झुंबरबाईला त्या हसण्यामागचं कळलं. ही मूठ गेली तर यंदा दुसरी कुठून येणार नव्हती, आणि ही जागा गेली तर म्हातारी म्हणून ती कायमची बाजूला पडणार होती.

"बरं," उत्तमराव खुर्चीत सावरून बसले. त्यांना पंचाईत मिटवल्याचा आव आणायला फार आवडे. "नेम म्हणजे नेम. तू एकटीनं दिवे लागेपर्यंत ओव्या म्हणायच्या. बाकीच्यांनी गप्प. मधे तोंड थांबलं तर मी समजेन चावतेस. मग उठायचं, आणि पुन्हा या पडवीत पाऊल टाकायचं नाही. नाही थांबलीस तर तुझी मूठ तुला, दर साली."

"ह्या बाया साक्षीला," मनकर्णाबाई म्हणाली, आणि शेंग उचलली.

पहिला प्रहर तिनं माहेराला वाहिला. भाऊ, भावजय, आईचं दार, बारवेवरचं लिंबाचं झाड. मग सासर झालं, मग देव झाले. बोटं चालत होती, सुपात लालचुटूक दाणे पडत होते, आवाज अजून टणक होता. दुपारी भाकरीची सुट्टी झाली तीही तिनं पाण्याच्या दोन घोटांवर काढली, कारण उत्तमराव म्हणाले, "सुट्टी बाकीच्यांना."

उन्हं कलली तेव्हा घशात खरखर आली. नात्यातली सगळी माणसं गाऊन झाली होती, वाण्याची म्हैस सुद्धा गाऊन झाली होती. एक ओवी अर्ध्यावर अडली. उत्तमराव खुर्चीत पुढं झुकले.

"आत्याबाई," झुंबरबाई कुजबुजली, "सोडा की. मी देते माझ्या घरचं मूठभर."

मनकर्णाबाईनं मान हलवली आणि अडलेली ओळच पुन्हा पुन्हा घोळवली. तेवढ्यात भागिरथीबाई आतून दुधाचा पेला घेऊन आल्या. सकाळचे बदाम राहिले होते, ते वाटून आणले होते. उत्तमरावांनी पेला घेतला, भुरका मारला, आणि उठून उशी सारखी करताना कमरेवर हात दाबून "आई गं" म्हणाले. मनकर्णाबाईनं ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की झुंबरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सकाळच्या पारी गं, बदाम भिजले वाटीला,
पाच गिळून मालकाचा हात गेला पाठीला."

पडवीतली सगळी सुपं एकदम हलली. बाया पदर तोंडाला लावून वाकल्या होत्या.

"ए!" उत्तमराव ओरडले. "हे काय?"

तोंड थांबवायचं नव्हतं, म्हणून तिनं उत्तर ओवीतच दिलं.

"काबुलाचा बदाम गं, आला पेटीत बसून,
सोलाया घरची लक्षुमी, वाटाया बी तीच उठून."

दाराआडून भागिरथीबाईंना ठसका लागला. तो खोकल्याचा नव्हता.

"बंद कर! बंद कर म्हणतो!"

"मालक, आत्याबाई थांबल्या तर तुमी म्हनाल चावतीय," झुंबरबाई भाबडेपणानं म्हणाली. "नेम तुमचाच हाय."

आपणच बांधलेल्या गोठ्यात माणूस आपणच अडकावा, तसे उत्तमराव अडकले होते. मनकर्णाबाईचा आवाज फाटला होता, पण आता त्या फाटक्या आवाजालाच धार आली होती.

"भुईमुगाची शेंग गं, मातीत लपून राहिली,
मूठभर जिनं खाल्ली, तिनं खडी बी वाहिली."

कुंपणापलीकडे दोन गडी उभे राहिले. मग चार झाले. पारावरचं मंडळ सरकत सरकत पडवीच्या पायरीपर्यंत आलं. उत्तमराव त्यांना हातानं हाकलत होते आणि ते मान डोलावून दाद देत होते. मनकर्णाबाईनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि मालकाच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी संथ लावलं :

"वाटीत बदाम भिजतो, पेल्यात भिजतं काय?
पुढल्या ववीत सांगते, मालकाची भीती न्हाय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. "पेल्यात? पेल्यात काय भिजतंय?" पुढली ओवी यायला आता एका शेंगेचा अवकाश होता. तिनं शेंग उचलली.

आणि ज्या माणसाला उशी सावरायला उठताना "आई गं" म्हणावं लागत होतं, तो माणूस खुर्चीतून उडीच मारून उठला. ढिगाजवळ आला, एका सुपातले दाणे ओंजळीनं उचलले आणि मनकर्णाबाईच्या पदरात ओतले.

"घे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घे बाई, खा. आत्ता खा. रोज खा. तुझी जागा तुला, तुझी मूठ तुला. पण आता तोंड... चालव. म्हणजे, चावायला चालव."

"दिवं लागायचं हायेत अजून."

"लागले समज!" उत्तमराव वळले आणि घरात ओरडले, "अगं ए, दिवा लाव!"

उन्हं असतानाच भागिरथीबाई समई पेटवून घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती पडवीत ठेवली, आणि ठेवताना नवऱ्याच्या पाठीमागून मनकर्णाबाईला एकदाच, फार सावकाश, हात जोडले.

मनकर्णाबाईनं पदरातले दाणे पाहिले. मालकाची ओंजळ घाबरून जास्त भरली होती. तिनं आपली मूठ भरून घेतली, तेवढीच, आणि उरलेले दाणे परत सुपात टाकले. बियाणं होतं ते, तिला कळत होतं. पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ आत्याबाई, पेल्यातलं ऱ्हायलं की! काय भिजतंय सांगा!"

उत्तमरावांनी डोळे मिटून घेतले.

मनकर्णाबाईनं दोन दाणे जिभेवर ठेवले, गालात सरकवले, आणि म्हणाली, "आता घास तोंडात हाय बाबांनो. खाताना बोलू न्हाई, आमच्या आईची शिकवन हाय."