पंधरा दिवस आधीचा सावन

रायपुरात वाढलेल्या मराठी माणसाला दोन श्रावण असतात. शेजाऱ्यांचा सावन आषाढातली पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी लागतो, आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घरी सावन सोमवारचे उपास सुरू झालेले असायचे आणि आमच्याकडे अजून आखाड म्हणून मटण शिजत असायचं. आई खिडकी लावून घ्यायची, वास जाऊ नये म्हणून. वास जायचाच. हे सगळं मला कळायला लागल्यापासून माहीत आहे, आणि तरी आम्ही तीन शिकल्यासवरल्या माणसांनी माती खाल्ली ती याच पंधरा दिवसांत.

आम्ही तिघं म्हणजे मी, माझा शाळेपासूनचा मित्र आणि आमची एक मैत्रीण. तिघांचीही घरं विदर्भातून आलेली. मित्राच्या वडिलांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर, नव्या राजधानीचे रुंद रस्ते संपतात त्याच्या पलीकडच्या एका गावात थोडी धानाची जमीन घेऊन ठेवली होती. मैत्रीण शाळेत विज्ञान शिकवायची. फळ्यावर बेडूक काढून काढून ती कंटाळली होती. शहरातल्या पोरांना एक दिवस चिखलात सोडा, पुस्तक ती आपोआप उघडतील, असं तिचं म्हणणं. मी सरकारी कचेरीत नकाशे काढायचो आणि सुट्टीच्या दिवशी मला घरात बसवत नसे. आम्ही तिथे मातीच्या दोन खोल्या बांधल्या, वर खापरं घातली, पुढे मोठा मांडव घातला, एक डबरी खोदली. डबरी म्हणजे आपलं शेततळं. पाहुण्यांनी येऊन राहावं, गावातल्या बायकांच्या हातचं जेवावं, आणि शाळांनी पोरं घेऊन यावं, असा बेत होता. पाहुणे यायचे, पण ते बहुतेक आमचेच नातेवाईक, आणि डास चावले की आमच्यावर उपकार केल्यासारखे वागायचे.

खरी गरज होती शाळेची. तेलीबांध्याकडच्या एका नव्या शाळेने तयारी दाखवली. एक सहल नीट पार पडली तर वर्षभर वर्गामागून वर्ग पाठवू म्हणाले. या शब्दावर मैत्रिणीने नोकरी सोडली. घरच्यांनी तिच्याशी अबोला धरला. ती सहल आम्हा दोघांसाठी हौस होती, तिच्यासाठी पोटापाण्याची गोष्ट होती.

शाळेला पोरांकडून रोवणी करून घ्यायची होती. आमच्या आईच्या भंडाऱ्याकडे रोवणी म्हणतात, इथे रोपा. धानाची रोपं उपटायची आणि चिखलात ओळीने लावायची. गावात एक म्हातारी होती, सगळे तिला दाई, म्हणजे आई, म्हणत, आणि ती बोलायला लागली की सरपंचही गप्प बसायचा. तिने आम्हाला आधीच बजावून ठेवलं होतं की सावनातल्या इतवारी गाव शेतात पाय ठेवत नाही. नांगर नाही, रोपा नाही. त्या दिवशी मातीला हात लावला तर रोगराई गावात शिरते, असं ते मानतात. आम्ही माना डोलावल्या.

शाळेची बस मात्र रविवारीच मोकळी असायची. म्हणून मैत्रिणीने घरी जाऊन कॅलेंडर पाहिलं आणि श्रावण लागायच्या आधीचा रविवार काढला. मी माझ्या घरच्या कॅलेंडरवर तो तपासला, मित्राने त्याच्या. तिन्ही कॅलेंडरं नागपूरहून आलेली. तिघांचं एकमत झालं, आणि आपण किती काळजीने काम करतो याचं आम्हाला जरा कौतुकही वाटलं. गावातल्या बायकांना आम्ही इतकंच सांगितलं की इतवारी पोरं येतील. त्या समजल्या, पोरं बघायला येणार.

त्या रविवारी सकाळी बस आली. पाचवीची पोरं उतरली, सोबत शाळेचे एक सर, गळ्यात कॅमेरा. आदल्या दिवशी आम्हीच उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर तयार होत्या. पोरांनी बूट काढले, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, आणि तेवढ्यात दाई आली. तिच्यामागे गावातली चारदोन माणसं. ती ओरडली नाही. आज काय करताय, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, रोपा. ती म्हणाली, आज सावनचा इतवार आहे. मी तिला समजावलं की सावन लागायला अजून वेळ आहे. मागची माणसं हसली असती तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. मैत्रिणीने कपाळावर हात मारला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मला राग आला. अशा वेळी स्वतःचा यावा, पण तो तसा कधी येतो? मी मैत्रिणीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, जमीन आपली आहे, कागद आपले आहेत, पोरांना दोन ओळी लावू दे, सरांचे फोटो होऊन जातील, दाईची समजूत मागाहून काढू. मित्रही माझ्याच बाजूने होता. ती ऐकेना.

"काहून अडून राहिली तू?" मी विचारलं.

"जमीन आपली हाये. पण उद्या इथं कोणाचं पोट्टं बिमार पडलं, तर नाव कोणाचं येईन?"

"अन् तुह्या पोटापाण्याचं?"

"ते मी पाहून घेईन," ती म्हणाली, आणि पोरांकडे वळून तिने सगळ्यांना बूट घालायला सांगितलं.

तिने त्यांना खरं तेच सांगितलं. तुम्हाला रविवारची सुट्टी असते तशी सावनात इथल्या मातीला असते, आणि तारीख काढताना आम्ही चुकलो. एका पोरीने विचारलं की सुट्टीत माती काय करते. मग मैत्रीण सगळ्यांना डबरीवर घेऊन गेली, हातात भिंगं दिली, आणि पोरं बेडकाच्या पिल्लांवर तुटून पडली. सर मात्र घुश्शात होते. त्यांच्या कागदावर रोपा लिहिलेला होता. त्यात गावातली मुलंही, सुट्टीच असल्यामुळे, बघायला गोळा झाली. फोटोत गर्दी येते म्हणून सरांनी कुरकुर केली, तेव्हा मित्राने फाटक लावून घेतलं.

जेवणं झाली आणि बस निघाली. बसच्या दारात सर म्हणाले की ठरलं ते झालं नाही, असं त्यांना वर सांगावं लागेल. मैत्रीण हव, सांगा म्हणाली. पुढे ती शाळा आली नाही, आणि येणार नाही हे आम्हाला तिथेच कळलं होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही मांडवात बसलो होतो. मी तिला बरंच काही बोललो. ती भिंगं पुसत होती. तेवढ्यात दाई आली आणि आमच्याजवळ जमिनीवरच बसली. तिने सांगितलं की राजधानी व्हायला लागल्यापासून इथे मोजणीवाले आले, ठेकेदार आले, पण गावाचं ऐकून कोणी हातातलं काम थांबवलं, असं आजच पाहिलं. मला बरं वाटलं. चला, निदान गाव तरी खूश आहे, असं मनात आलं. मग तिने मैत्रिणीकडे पाहिलं.

"बेटी, हमर लइका मन ला कब बलाहू?"

आमच्या पोरांना कधी बोलावणार? त्यात टोमणा नव्हता. बस कधी येते विचारावं तसं तिने विचारलं. मित्र खाली बघायला लागला. आमच्या सगळ्या बेतात गावातल्या बायका स्वयंपाकाला होत्या, म्हातारे गोष्टी सांगायला होते. पोरांना जागाच नव्हती, आणि ती नाही हे तिघांपैकी कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. दिवसभर कोरडी राहिलेली मैत्रीण तेव्हा रडली. नाक पुसून तिने दाईला सांगितलं, उद्याच पाठव.

दुसऱ्या दिवशी गावातली शाळा सुटल्यावर पोरं आली, दप्तरांसकट. फाटक उघडायला मी गेलो. फाटकावर पाटी होती, मीच मोठ्या हौसेने रंगवलेली: बच्चों का अपना आँगन. ती लावून वर्ष उलटून गेलं होतं, आणि फाटकासमोरच्याच घरातलं पोर त्या दिवशी पहिल्यांदा आत आलं.