फाटकाच्या जाळीची भोकं

घड्याळं दुरुस्त करणारे काका दर रविवारी सकाळी मुलांना बेसबॉल शिकवत. सुरुवातीच्या सोळा मुलांपैकी आता दहाच उरली होती. आणखी दोन गळाली असती, तर नऊ जणांचा संघच उभा राहिला नसता. आणि त्या दिवशी सराव चालू असतानाच त्यांची पुतणी म्हणाली, "काका, मी पुढच्या रविवारपासून येणार नाही."

"का गं? ओरडलो का मी?"

"छे! बॅटिंगला माझा नंबर येईपर्यंत मी फाटकाच्या जाळीची भोकं मोजते. एकशे बारा आहेत."

काकांना राग आला नाही, नवल वाटलं. चेंडू टाकायचं काम एका मोठ्या मुलीकडे देऊन ते स्वतः बॅट घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटांनी त्यांचा नंबर आला आणि पाच चेंडूंत संपलाही. तोवर त्यांचीही भोकं मोजून झाली होती.

त्यांनी तिथल्या तिथे रांग मोडली. तिघं बॅटिंगला, तिघं भिंतीवर चेंडू आपटून झेलायला, चौघं धावायला. शिट्टी वाजली की जागा बदलायची. पहिल्याच शिट्टीला दोघं एकमेकांवर आदळले, पण रिकामं कोणी उभं राहिलं नाही.

पुतणी घामाघूम होऊन पाणी प्यायला आली.

"एकशे चौदा आहेत गं," काका म्हणाले.

"शक्यच नाही!"

"मग पुढच्या रविवारी मोजून दाखव."

"तेव्हा वेळ कुठे असणार?" म्हणत ती पळालीसुद्धा.