मर्यादेतली तहान

माझे भावोजी डायलिसिसची यंत्रं सांभाळतात. मूत्रपिंडं थकलेल्या माणसांचं रक्त धुऊन देणारी ही यंत्रं. आत रक्ताच्या शेजारून क्षारांचं पाणी सतत वाहत असतं आणि त्या वाहत्या पाण्यातच बसवलेला एक सेन्सर क्षार किती आहेत ते क्षणोक्षणी सांगत राहतो. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण तो सांगेल तेवढेच क्षार यंत्र पाण्यात घालतं. भावोजी रोज सकाळी ते पाणी हातातल्या मीटरवर ताडून बघतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "मीठ बरोबर आहे." म्हणून पेशंट त्यांना 'मीठवाले' म्हणतात.

"घरच्या जेवणात मीठ घालायचं राहिलं तरी यांना पत्ता नसतो," ताई म्हणायची, "आणि तिकडे मीठवाले!"

पुढे देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, ताईचीच मूत्रपिंडं गेली. भावोजींच्याच खोलीत ती खुर्चीवर येऊन बसू लागली. शेजारी टेलरकाका असायचे. एकटे, म्हातारे आणि जिभेला धार.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजूनमापून प्यावं लागतं. त्यामुळे तहान ही त्यांची खरी वैरीण. घरी गेल्यावर दोघांच्याही घशाला कोरड पडायची. ताई बर्फाचा खडा जिभेवर ठेवून नामस्मरण करत पडून राहायची. मग एकाएकी तिची तहान उतरली. मला वाटलं, देवानं ऐकलं. काकांची मात्र होती तशीच.

"वहिनी, काल मला स्वप्नात नळ दिसला," काका म्हणाले. "मेला तोही कोरडा!"

ताई हसली खरी, पण संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "अहो, माझ्या यंत्रात काही बदललंत का?"

मी वाढत होते. भावोजींनी ताटातून मान वर केली नाही.

"सेन्सर बदलला. जुन्यावर थर धरला होता, धुऊनही निघेना. तो कमी दाखवायचा, मग यंत्र जास्त क्षार ओढायचं. ते रक्तात उतरले की तहान वाढते."

"आणि काकांचा?"

"एकच नवा आला होता. त्यांचा मर्यादेत आहे."

"मर्यादेत तर माझाही होता."

भावोजी हात धुवायला उठले.

पुढच्या पाळीला ताईसोबत मी गेले. ती आपली खुर्ची सोडून सरळ काकांच्या यंत्राजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"अहो, ती माझी जागा! माझ्या पाठीचा खड्डा पडलाय तिथं."

"आज मला खिडकी हवीय, काका."

भावोजी मीटर घेऊन आले आणि तिला तिथं बघून थबकले. त्यांनी त्या यंत्राचं पाणी तपासलं. पुन्हा तपासलं. आकडा अगदी कडेला टेकलेला, पण आतच. नर्स सुई घेऊन तयार होती. भावोजींनी हात पुढे केला आणि यंत्र बंद केलं.

"हे आज चालणार नाही."

"का हो?" ताईचा आवाज अगदी साधा होता. "परवा काका होते, तेव्हा चाललं की."

भावोजींचे कान लाल झाले. ते तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगून, बोलणी खाऊन आले. नवा सेन्सर येईपर्यंत ते यंत्र बंद राहणार होतं. सगळ्यांच्या पाळ्या पुढे सरकल्या, लोक कुरकुरले. ताईनं आपल्या यंत्रावर काकांना बसवलं आणि स्वतः शेवटची पाळी मागून घेतली.

मग भावोजी काकांपुढे उभे राहिले. "काका, तुमची तहान माझ्यामुळे होती. नवा सेन्सर मी हिला लावला. तुम्हाला सांगितलंही नाही."

आता काका काय तोडून बोलतात म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

"बायकोला लावलात, ते समजतं मला," काका म्हणाले. "पण बोलायचं तरी होतंत हो. मी आपला इतके दिवस देवाला शिव्या घालत होतो."

काकांनी बाही वर सारली आणि हात नर्सपुढे केला.