भावाचा डावा पाय

आमच्या गावात ज्याने जन्मात कधी धावत बसदेखील पकडली नव्हती, तो माणूसही माझ्या भावाच्या पळण्याविषयी छातीठोक बोलायचा. तापीकाठचं गाव, कापूस आणि केळी पिकवणारं. सकाळी पारावर मंडळी जमली की विषय एकच: पोऱ्या देशाच्या संघात जाणार की नाही? कोणी म्हणे, "रुपयात बारा आणे व्हईच." कोणी चौदा आण्यांवर नेऊन ठेवी. सव्वीस मैलांची शर्यत म्हणजे नेमकं काय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माझे काका तर पाहुण्यांना सांगायचे की ती शर्यत घोड्यांबरोबर असते.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शहाद्याच्या हायस्कुलात तो रोज पायी जायचा, उशीर झाला की पळत जायचा, आणि उशीर रोजच व्हायचा. तिथल्या ड्रिल मास्तरांच्या लक्षात आलं की हा मुलगा इतके मैल पळून येतो आणि प्रार्थनेला उभा राहतो तेव्हा त्याला धाप लागलेली नसते. झालं. मास्तरांनी कुठून तरी लांब शर्यतीवरचं एक जुनं पुस्तक मिळवलं आणि स्वतःला द्रोणाचार्य समजू लागले. भाऊ पळायचा आणि मास्तर शिटी घेऊन सायकलीवर मागे. लोणखेड्याला आलं की मास्तर चहाला थांबत. शिष्य पुढे निघून जाई, आणि परतताना गुरूला टपरीवरून उठवून बरोबर घेऊन येई.

पळायला तो खरोखरच चांगला होता, हे मला मान्य करायला हवं. वाईट होता तो त्याचा डावा पाय. पहिल्या उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगेत पाऊल जाऊन घोटा मुरगळला. पुढच्या वर्षी तळोद्यापलीकडच्या चढावर मांडीचा स्नायू धरला. मग टाच. मग नडगी, आणि नडगीने जे ठाण मांडलं ते मांडलंच. दर वेळी हाडवैद्य यायचा. याच्या स्वतःच्या मुलाचा मोडलेला हात वाकडा बसला होता, पण गावाचा विश्वास अढळ. तो कसल्याशा पाल्याचा लेप लावी, बांबूच्या कामट्या बांधी, तूप खाऊ घाला म्हणून सांगे आणि जेवूनच जाई.

तूप सरळ पायात उतरतं असा आमच्या घरात समज होता. म्हणून तूप भावाला आणि ताक मला. सातवी पास झाल्यावर माझी शाळा बंद केलेली होती. माय शेतावर जायची, तेव्हा त्या पायाला सकाळ-संध्याकाळ तेल चोळणं आणि मिठाच्या पुरचुंडीने शेकणं ही माझी नोकरी. घरात देवापेक्षा त्या पायाची पूजा जास्त व्हायची. फरक इतकाच की देव कधी कण्हत नाही. चारचौघांत भाऊ ताठ चालायचा. अंगणाचं दार लागलं की भिंतीला धरून लंगडायचा. हे मला माहीत होतं, कारण दार लावायला मीच असायचे.

एकदा शेकताना त्याने मला विचारलं, "तुले काय वाटस? व्हई का मन्हं?"

"नई."

"काबर?"

"तुन्हा पायच नई म्हणस."

तो हसला. रागावेल असं वाटलं होतं. म्हणाला, "तू एकटीच खरं बोलस." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पळायला गेला. खरं आवडतं म्हणून कोणी त्याप्रमाणे वागत नाही, हे मी तेव्हा शिकले.

मग राज्याच्या शर्यतीत तो दुसरा आला. पाठोपाठ पत्र आलं: दोन महिन्यांनी पुण्याला निवडीची शर्यत, पहिले तिघे देशाच्या संघात. पत्र वाचून दाखवायला मला पारावर नेलं. इतक्या पुरुषांनी मी बोलत असताना गप्प बसायची ती पहिलीच वेळ.

गावाने मिरवणूक काढायची ठरवली. अजून निवड व्हायची होती, पण आमच्या गावाला तेवढी सबुरी कुठली! शहाद्याहून बँड आणला, बैलगाडी सजवली, भावाला फेटा बांधून गाडीत उभं केलं. मी म्हणाले, "त्याला बसवा तरी." काका म्हणाले, "बसलेला माणूस लोकांले दिसी का?" बँडवाल्याने बैलांच्या कानाशी कर्णा फुंकला. बैल उधळले. फेट्यासकट भाऊ जमिनीवर आला, अख्खं अंग डाव्या पायावर. लोकांना वाटलं त्याने आनंदाने उडी मारली. टाळ्या झाल्या! मी गर्दीतून पोचले तेव्हा तो उठून उभा होता, हात जोडून हसत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

नडगीवर मधोमध एक जागा अशी झाली की बोट टेकलं तरी तो दात आवळायचा. हाडवैद्याने सांगितलं, "रगत गोठेल शे." मी आबांना म्हटलं, धुळ्याला नेऊन हाडाचा फोटो काढा. आबा माझ्या वडिलांसारखे कमी आणि काकांच्या धाकट्या भावासारखे जास्त वागायचे. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, धुळ्याला नेलं की बोभाटा होईल. पळणं आठ दिवस बंद झालं. मग मास्तर सायकल घेऊन दारात हजर.

त्यानंतर आठवडाभरात छापील अर्ज आला. भरायला मी, कारण घरात पुस्तकी मराठी धड लिहिता येणारी मीच. भाऊ अहिराणीतच विचार करायचा आणि आबांना सहीपुरतं येत होतं. नाव, वय, वजन भरून झालं. खाली प्रश्न होता: पूर्वी झालेल्या व सध्याच्या दुखापती. पुढे चार ओळी रिकाम्या.

मी म्हणाले, "चार ओळी पुरणार नाहीत."

काका खाटेवर बसले होते. म्हणाले, "'नाही' अस लिख."

"पण हे खोटं आहे."

"तुले लिखाले बठाडेल शे, बोलाले नई."

मी भावाकडे पाहिलं. त्याने पायाकडे पाहिलं. आबा बाहेर बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. आमच्या घरात कठीण वेळ आली की बैलांना तहान लागायची. मी दौतीत टाक बुडवला आणि सुवाच्य अक्षरात 'नाही' असं लिहिलं. त्या काळातल्या सगळ्यांना मी आजवर नावं ठेवत आले. त्या यादीत मीही आहे, हे इथे नोंदवलेलं बरं.

पुण्याला आम्ही चौघे गेलो: भाऊ, आबा, काका आणि तेल चोळायला मी. बस, मग आगगाडी, मग दुसरी आगगाडी. काकांनी डब्यातल्या प्रत्येकाला सांगितलं की आम्ही देशाच्या कामाला चाललो आहोत. भाऊ पाय लांब करून खिडकीबाहेर बघत होता. मास्तर आले नाहीत. निघायच्या दिवशी त्यांना ताप आला.

शर्यत सकाळी सुटली. रस्त्याच्या एका वळणावर आम्ही उभे होतो. धावणारे तिथून जाताना एकदा आणि परतताना एकदा दिसणार होते. जाताना भाऊ सहावा होता, मोकळा, नेहमीसारखा. परतताना तो तिसरा होता. काका नाचायला लागले. मी त्याचा पाय पाहत होते. डावं पाऊल तो टेकवत नव्हता, फेकत होता. चेहरा असा की जणू तोंडात काहीतरी धरून ठेवलंय आणि ते सांडू द्यायचं नाही. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. तसाच तो शेवटपर्यंत गेला आणि तिसरा आला.

म्हणजे झाली निवड! पारावरच्या सगळ्या रिकामटेकड्यांचं भाकीत खरं ठरलं आणि माझं खोटं. काकांनी मला ऐकवलंही, "काय व, तू तर नई म्हणत होतीस!" एक दिवस मला खरंच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरी तपासणी होती. डॉक्टरांनी भावाच्या नडगीवरून अंगठा फिरवला आणि मधोमध दाबला. भाऊ असा ओरडला की बाहेरच्या बाकावर बसलेले आबा उभे राहिले. फोटो काढला. हाडाला चीर होती, ताजी नव्हे, काही आठवड्यांची. त्या चिरलेल्या हाडावर माझा भाऊ सव्वीस मैल पळला होता.

निवड समितीच्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर आमचा अर्ज होता.

"हा कोणी भरला?"

काकांनी क्षणाचाही उशीर केला नाही. पुस्तकी मराठीत, जी त्यांना एरवी येत नसे, ते म्हणाले, "या पोरीने भरला, साहेब. अजाण आहे. तिला कळलं नसेल."

मी काही बोलणार तेवढ्यात भाऊ एका पायावर उभा राहिला. "खोटं माझं आहे, साहेब. तिचं फक्त अक्षर आहे."

साहेबांनी हाडाचा फोटो अर्जावर ठेवला. मग म्हणाले, "हे खरं लिहिलं असतं, तर तुम्हाला विश्रांती देऊन पुढच्या निवडीला बोलावलं असतं. इतका दम असलेला मुलगा आम्ही सोडला नसता. पण खोटं लिहिणाऱ्याचं नाव आम्ही पुन्हा यादीत घेत नाही." आणि चौथ्या आलेल्या मुलाला आत बोलावलं.

परतताना काका डब्यात कोणाशीही बोलले नाहीत. गावात पोचेपर्यंत मात्र त्यांची गोष्ट तयार झाली होती: पोरीने अर्ज चुकीचा भरला आणि पोऱ्याचं नशीब फिरलं. गावाने ती घोटभर पाण्यासारखी गिळली. बैलगाडी कोणाला आठवली नाही, कर्णा कोणाला आठवला नाही. विहिरीवर बायका माझ्याकडे बोट दाखवायच्या. हाडवैद्यसुद्धा मान हलवून म्हणाला, लिहिता येणं पोरींच्या अंगी लागत नाही.

भावाचा पाय तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता. हाड सांधलं, पण शर्यत तो पुन्हा कधीच पळला नाही. केळीचा मळा त्याने हातात घेतला. घरात काकांसमोर तो फक्त एकदाच आवाज चढवून बोलला: मला पुढे शिकवायचं म्हणून. त्यामुळे मी शहाद्याला शिकले आणि मास्तरीण झाले. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि तरीही पुढचं सांगणार आहे.

काही वर्षांनी गावच्या शाळेत खेळांचं बक्षीस वाटप होतं. पाहुणा म्हणून भाऊ. मीही सुट्टीत आले होते. काकांनी माइक धरून सांगितलं की आमचा पुतण्या परदेशात देशासाठी पळून आला आहे. टाळ्या झाल्या. मी भावाकडे पाहिलं. तो उठला, हात जोडले, हसला आणि बसला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काबर गप बसनास?"

"काय बिघडस? त्यासले तेवढंच जोयजे."

"मग मला का दोष लावला इतकी वर्षं? तो पण त्यांना हवा होता म्हणूनच ना?"

वहिनीने चहा पुढे केला. मी पिशवी उचलली आणि न पिताच निघाले. तो फाट्यापर्यंत मागून आला, आता जराही न लंगडता. बस येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी उभे होतो. एकदा तो म्हणाला, "उद्या सांगसू काकाले." बस आली, मी चढले. त्याने काकांना काही सांगितलं नाही, काका गेले तेव्हापर्यंतही नाही.